समुद्राचा नकाशा कोण काढतं? कांदळवन, मासेमारी आणि बदलतं हवामान

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या एकाच कार्यक्रमात समुद्राशी संबंधित दोन मोठ्या गोष्टी झाल्या. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. आणि देशभरातल्या मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची सुमारे ३६० कोटींची योजना सुरू झाली. पहिली बातमी सगळीकडे गाजली, दुसरी आतल्या पानावर गेली.

पण दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ट्रान्सपॉन्डरमुळे बोट या क्षणी कुठे आहे ते उपग्रहावरून कळणार. बंदरासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव पडणार. मग ती बोट वर्षानुवर्षं जिथे जाळं लावते, ती जागा कुठल्या नकाशात आहे? बहुतेक नकाशांत तिथे नुसता निळा रंग असतो.

किनाऱ्याबद्दलचे वाद आपण सहसा ‘विकास की पर्यावरण’ अशा दोन टोकांत बघतो. प्रत्यक्षात तिथे तीन गोष्टींचा तोल सांभाळायचा असतो: निसर्ग, मासेमारीवर चालणारी घरं आणि बदलत्या हवामानापासून बचाव. या तिन्हींचे निर्णय आता उपग्रह, सेन्सर आणि डिजिटल नकाशे बघून होतात. म्हणून या यंत्रांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते समजून घेऊ.

आधी एक कोडं: किनारा किती लांब?

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, हे आपण शाळेत पाठ केलंय. केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ किलोमीटर भरला. अख्ख्या देशाचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरवर गेला. समुद्रातून नवीन जमीन वर आली का? नाही. मोजपट्टी बदलली. पूर्वी मोजणी ढोबळ नकाशावर झाली होती. आता जास्त बारकाईच्या नकाशावर झाली, त्यामुळे खाड्या, वळणं, बारीक खाचा सगळं मोजलं गेलं.

हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. नकाशात काय दिसणार हे मोजपट्टी ठरवते. आणि मोजपट्टी कुठली घ्यायची, हे माणूस ठरवतो.

उपग्रहाला कांदळवन कसं दिसतं?

आपल्या डोळ्यांना कांदळवन हिरवं दिसतं, तसं बाजूचं कुठलंही झाड हिरवंच दिसतं. उपग्रह यापुढे जातो. जिवंत पानं जवळच्या अवरक्त किरणांना जोरात परत फेकतात, तर पाणी आणि ओला चिखल तेच किरण शोषून घेतात. ‘हिरवं पान आणि खाली ओली जमीन’ अशी जोडी चित्रात सापडली, तीही भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, की तिथे खारफुटी असण्याची शक्यता मोठी. मग जागेवर जाऊन खात्री करतात.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी अशी मोजणी करते. २०२३ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. या मोजणीत वापरलेल्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, साधारण २३ मीटरचा असतो आणि एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा नोंदवला जात नाही. कोळीवाड्यामागचा चिंचोळा तिवरांचा पट्टा त्यात निसटू शकतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं १० मीटर बारकाईची असतात, दर पाच दिवसांनी नवी येतात आणि कुणालाही फुकट बघता येतात.

या नकाशांना कायद्याचं बळही मिळालंय. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली आणि उपग्रहचित्रांवरून नकाशे करायला सांगितलं. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाभोवतीचं ५० मीटरचं संरक्षक क्षेत्रही मोकळं ठेवायला सांगितलं. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी झाडं तोडायची असतील तरी न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

थोडक्यात, झाड नकाशावर आलं आणि त्याच्या बाजूने भांडायला पुरावा मिळाला.

मासा कुठे आहे, हे अवकाशातून कसं कळतं?

मासे उपग्रहाला दिसत नाहीत. माशांचं जेवण दिसतं. समुद्राच्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती वाढल्या की हरितद्रव्यामुळे पाण्याच्या रंगात फरक पडतो. इस्रोच्या ओशनसॅट मालिकेतले उपग्रह हा रंग टिपतात. त्याला पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाची जोड दिली, की थंड आणि कोमट पाणी जिथे भिडतं त्या रेषा सापडतात. अशा जागी खाद्य साचतं आणि त्यामागे मासळी येते.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था यावरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांचा सल्ला देते, मराठीतही देते. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोलीवर जायचं, हे त्यात असतं. डिझेल वाचतं, वणवण कमी होते. आकाश ढगाळ असलं की मात्र उपग्रहाचे डोळे मिटतात.

आता हा सल्ला कुणाला उपयोगी पडतो ते बघा. सांगितलेली जागा बंदरापासून बरीच लांब असेल, तर मोठं इंजिन आणि बर्फाची सोय असलेली बोट तिथे पोचते. डोल जाळंवाला तिकडे जात नाही. त्याचं जाळं ठरलेल्या जागी खुंटांना बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्यात आणून सोडतो. बोंबील, जवळा, करंदी अशीच मिळते. खाडीत पाग टाकणाऱ्याला किंवा ओहोटीला चिखलात उतरून कालवं, शिंपल्या गोळा करणाऱ्या बाईलाही या सल्ल्याचा फायदा नाही. माहिती सगळ्यांसाठी खुली असते, पण तिच्यापर्यंत पोचायला डिझेल लागतं.

आणखी एक अडचण. एकाच जागेचा पत्ता पन्नास बोटींना मिळाला तर तिथे पन्नास बोटी जाणार. मासा शोधणं सोपं झालं की मासा संपवणंही सोपं होतं. म्हणून शोधण्याच्या तंत्राबरोबर मर्यादाही हव्यात. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, त्यापेक्षा लहान मासळी पकडायची नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित केलं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलीय. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर नजर ठेवायला ड्रोन उडवायला सुरुवात केली.

ट्रान्सपॉन्डर: सुरक्षा की पाळत?

मोबाईलचं नेटवर्क किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटरपर्यंत मिळतं. त्यापुढे तुमचा स्मार्टफोन म्हणजे कॅमेरा आणि गाणी. ही उणीव भरायला २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचं यंत्र आलं. उपग्रहाकडून येणारा वादळाचा इशारा ते फोनवर दाखवतं. पण ते एकतर्फी होतं: संदेश यायचा, जायचा नाही.

नवा ट्रान्सपॉन्डर दुतर्फी आहे. संकटात बटण दाबलं की इस्रोच्या उपग्रहामार्फत किनाऱ्यावर संदेश जातो. हवामानाचा इशारा ब्लूटूथवरून फोनमध्ये येतो. बोट सागरी सीमेजवळ गेली तर सावध करता येतं. पालघर-डहाणूकडच्या घरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. चुकून सीमा ओलांडल्याने पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेले खलाशी तिथल्या कितीतरी घरांनी पाहिलेत.

पण हेच यंत्र बोटीच्या प्रत्येक फेरीचा माग ठेवतं. मग दोन प्रश्न येतात. पहिला, हा डेटा कुणाच्या हातात? दुसरा, तो कशासाठी वापरणार? बोट किनाऱ्याला फार जवळ आली म्हणून दंड लावायला हा माग पुरावा होणार असेल, तर ‘आम्ही याच पाण्यात मासेमारी करतो’ हे सिद्ध करायलाही तोच माग पुरावा म्हणून चालला पाहिजे. आणि तो मागायचा सोपा रस्ता बोटमालकाकडे असला पाहिजे. नाहीतर डेटा फक्त वरच्या दिशेने वाहतो.

नकाशातून काय सुटतं?

दोन उदाहरणं बघू.

पहिलं वरळीचं. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या पुलाखालून वरळी कोळीवाड्याच्या बोटींना समुद्रात जावं लागतं. मूळ आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर साधारण ६० मीटर होतं. कागदावर ते भरपूर वाटतं. बोट काही ६० मीटर रुंद नसते. पण उधाणाच्या भरतीत, आडवा वारा आणि प्रवाह असताना लाटेवर डुलणारी बोट दोन खांबांमधून काढणं म्हणजे काय, हे आराखड्यात नव्हतं. मच्छीमारांनी १६० मीटर मागितले. काम बराच काळ अडलं. शेवटी एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. कोळ्यांचं ज्ञान आकड्यात बसवायला आंदोलन करावं लागलं. तेच आराखडा काढतानाच विचारलं असतं तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते.

दुसरं उरण-न्हावाशेवा भागातलं. तिथल्या बंदराच्या विस्तारामुळे मासेमारीच्या जागा आणि खाड्यांच्या वाटा गेल्या म्हणून पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादात गेले. लवादाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. पाण्यावरचा वापर हासुद्धा हक्क असू शकतो आणि तो गेला तर किंमत मोजावी लागते, हे त्यातून ठळक झालं. पण ही भरपाई नुकसान झाल्यावरची. पाण्याला सातबारा नसतो. तिथे कोण, कधीपासून, कुठल्या जाळ्याने मासेमारी करतं, हे आधी नोंदलेलं नसेल तर नंतर एकेक घर सिद्ध करत बसावं लागतं.

कायदा ही नोंद करायला सांगतो, हे फार जणांना माहीत नसतं. किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत मासेमारीची क्षेत्रं आणि माशांच्या प्रजननाच्या जागा दाखवायच्या असतात. मच्छीमारांची गावं, जाळी-मासळी सुकवायच्या जागा, जेट्टी याही दाखवायच्या असतात. भरतीरेषा, कांदळवन आणि इमारती बारीक मोजायच्या आणि मासेमारीचं पाणी कोरं सोडायचं, असं झालं तर तो नकाशा अर्धवट आहे. आणि अर्धवट नकाशावर काढलेला तोलही एका बाजूला झुकणारच.

वाढवणचा वाद इथेच येऊन अडकतो. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. १९९८ मध्ये तिथल्या प्राधिकरणाने बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह हिरवा कंदील दाखवला. सरकार म्हणतं, इथे नैसर्गिक खोली आहे, मोठी जहाजं लागतील, रोजगार येईल. मच्छीमार संघटना म्हणतात, ही माशांची वीण होण्याची जागा आहे. खोली मोजलेली आहे, जहाजांची क्षमता मोजलेली आहे, गुंतवणूक मोजलेली आहे. मासेमारीच्या जागांची मोजणी त्याच बारकाईने झाली असती, तर निर्णय काहीही लागो, चर्चा तरी बरोबरीची झाली असती.

हवामान थांबून राहणार नाही

अरबी समुद्र तुलनेने शांत, असं आपण ऐकत आलोय. आता तसं राहिलं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं, की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळाच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं.

वादळ किनाऱ्यावर आलंच पाहिजे असं नाही. ते लांबून गेलं तरी बोटी बंदरात उभ्या राहतात. २०१९ मध्ये ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं लागोपाठ आली. त्या वर्षी राज्याची सागरी मासळी २ लाख १ हजार टनांवर घसरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत ही ४५ वर्षांतली नीचांकी पातळी होती. बुडालेल्या दिवसांचाही त्यात वाटा होता.

म्हणून बचावाची कामं हवीतच. पण बचाव कुणाचा आणि कुणाच्या खर्चाने, हे बघायला हवं. धूपप्रतिबंधक दगडी बंधारा मागच्या घरांना वाचवतो. पण पुळण गेली तर बोट ओढायची कुठे, रापण लावायची कुठे, मासळी सुकवायची कुठे? कांदळवन लाटांचा जोर कमी करतं, गाळ धरून ठेवतं, कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांना आसरा देतं. पण ते कुठेही लावलं तर चालत नाही. जिथे मुळात उघडा चिखलपट्टा आहे तिथे रोपं लावली, की आकडेवारीत झाडं वाढतात आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायांची जागा जाते. उपग्रहाच्या चित्रात ही हिरवी प्रगती दिसेल. गेलेली कमाई दिसणार नाही.

संरक्षणाचंही तसंच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालं, आणि मासेमारीवर निर्बंध येणार म्हणून स्थानिकांचा विरोध तेव्हापासून सुरू आहे. उलट शेजारच्या वेंगुर्ल्यात ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. होडीत बसवून त्या पर्यटकांना झाडं, पक्षी, मुळं दाखवतात. तिथे कांदळवन टिकलं तर घर चालतं. राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेतून खेकडापालन, कालवं-शिंपल्यांचं पालन, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन अशी कामंही किनाऱ्यावरच्या गटांना मिळाली. राखणारा आणि कमावणारा एकच असला की संरक्षणाला पहारेकरी शोधावे लागत नाहीत.

मग नकाशा पूर्ण कसा करायचा?

उत्तर साधं वाटतं: मच्छीमारांनीच आपल्या जागा नकाशावर टाकाव्यात. जीपीएस आता प्रत्येक फोनमध्ये आहे आणि त्याला नेटवर्क लागत नाही. पण एक खरी अडचण आहे. मासेमारीची चांगली जागा हे घरातलं गुपित असतं. ती उघड केली तर उद्या तिथे परका ट्रॉलर उभा असेल. नोंदवलं नाही तर हक्क दिसत नाही, नोंदवलं तर मासा जातो.

यावर तंत्रज्ञानात तोडगा आहे. नेमका बिंदू जाहीर करायचा नाही; समुद्राचे मोठे चौकोन पाडायचे आणि कुठल्या चौकोनात किती बोटी, कुठली जाळी, कुठल्या महिन्यात, एवढंच दाखवायचं. मूळ नोंदी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे राहतील. सुनावणीत किंवा न्यायालयात गरज पडली तर त्या पुरावा म्हणून काढायच्या. त्या नोंदीत खोली वावात लिहिली, उधाण-भांग लिहिलं, तरी काही बिघडत नाही. संगणकाला मीटर हवे असतील तर तो करून घेईल. फक्त बोटींचीच नोंद करून भागणार नाही. चिखलात पायी जाणाऱ्या बायांच्या वाटाही त्यात हव्यात. त्यांच्याकडे ना बोट, ना ट्रान्सपॉन्डर.

तुमच्या फोनवर आत्ता काय बघता येईल?

- तुमच्या गावाचा सीआरझेड नकाशा. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या वेबसाइटवर हे नकाशे असतात. आपली जेट्टी, वाळवणाची जागा, खाडीतली मासेमारी त्यात आहे का, ते घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून तपासा.
- जुनी उपग्रहचित्रं. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात. खाडीचं तोंड, भराव, कांदळवनाची कड कशी सरकली ते समजतं. चित्राच्या तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. भरती आणि ओहोटीच्या चित्रांची एकमेकांशी तुलना करू नका, फसगत होते.
- इन्कॉइसचं ‘समुद्र’ ॲप. लाटा, वारा, भरती-ओहोटी यांचे इशारे फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर न विसंबता थेट इथे बघा.
- जनसुनावणीची नोटीस. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण सुनावणीआधी किमान ३० दिवसांची मुदत असते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो वाचताना एकच गोष्ट आधी शोधा: मासेमारीच्या क्षेत्राचा नकाशा जोडलाय का?

किनाऱ्याची लांबी मोजपट्टी बदलल्यावर बदलली, हे आपण वर पाहिलं. किनाऱ्यावरचा तोलही तसाच आहे. झाड, खोली, रस्ता आणि बोट यांच्याइतक्याच बारकाईने मासेमारीचं पाणी मोजलं, तर आज ‘अडथळा’ वाटणारी माणसं त्या समुद्राची जुनी वापरकर्ती म्हणून दिसायला लागतील. त्यासाठी नवा उपग्रह सोडायची गरज नाही. गावातला एखादा पोरगा किंवा पोरगी फोन घेऊन आजोबांबरोबर होडीत बसली, तरी सुरुवात होते.